मुद्देमालाला जीव असतो

महिन्या-दोन महिन्यांनी आपल्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरल्यासारखी येते. पहिल्या पानावर तिला जागा नसते; आतल्या पानावर, एखाद्या कोपऱ्यात ती बसवलेली असते. मथळा साधारण असा : 'खवले मांजराची तस्करी, चौघे जेरबंद'. सोबत छायाचित्र. मागे गणवेशातले अधिकारी उभे, पुढे तोंडाला रुमाल बांधून उकिडवे बसवलेले आरोपी, आणि सर्वांच्या पायाशी लहान फणसाएवढा खवल्यांचा एक गोळा. सापळा कुठे रचला, बनावट गिऱ्हाईक म्हणून कोण गेले, मोटारसायकल कोणती होती, मुद्देमालाची 'आंतरराष्ट्रीय बाजारातली किंमत' किती, हे सारे बातमीत तपशीलवार असते. शेवटी एक वाक्य येते : 'खवले मांजराला नैसर्गिक अधिवासात सोडून देण्यात आले.'

माझे कुतूहल या शेवटच्या वाक्यापाशी अडते. बँकेत उभा जन्म काढलेल्या माणसाला एक खोड लागते. फायलीतले शेवटचे टिपण जितके सुबक, तितकी ती फाईल पुन्हा उघडून पाहावीशी वाटते. सोडले म्हणजे कुठे सोडले? कुणी पाहून सोडले? ते चालत गेले की तिथेच बसून राहिले? दुसऱ्या दिवशी कुणी जाऊन बघितले का? बातमीत याचे उत्तर नसते, कारण बातमी आरोपींची असते.

प्रकरण काही एखाद-दुसऱ्या प्राण्याचे नाही. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणारी 'ट्रॅफिक' ही संस्था आणि 'डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया' यांनी २०१८ ते २०२२ या पाच वर्षांतल्या जप्तींचा हिशेब मांडला. देशभरात ३४२ घटना आणि त्यांत १,२०३ खवले मांजरे. पहिला क्रमांक ओडिशाचा : ७४ घटना, १५४ प्राणी. दुसरा आपला : ४७ घटना, १३५ प्राणी. यांतला एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. देशभरातल्या सुमारे निम्म्या घटनांत प्राणी जिवंत सापडला होता. म्हणजे प्रश्न फक्त आरोपींना शिक्षा करण्याचा नाही. हातात आलेल्या जिवंत प्राण्याचे पुढे करायचे काय, हाही आहे. आणि त्याचा विचार आपण फार कमी केला आहे.

गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत वाढलेल्या माझ्या पिढीला हा प्राणी नावाने तरी ठाऊक होता. प्रत्येक खोलीच्या मागे एक गाव असे आणि ते बहुधा रत्नागिरी, सिंधुदुर्ग नाहीतर रायगडात असे. मे महिन्यात गावी गेले की रात्री पडवीत ज्या गप्पा चालत त्यांत भुतांखेतांच्या खालोखाल 'खवल्या' यायचा. पाहिलेला मात्र क्वचितच कुणी असायचा. तो रात्री हिंडतो, एकटा हिंडतो, आणि दिवसा बिळात असतो. मांजर हे नुसते नावापुरते. मांजराशी त्याचे काही नाते नाही. त्याला पँगोलिन म्हणतात तो शब्द मलय भाषेतला, अर्थ साधारण 'गुंडाळी करणारा'. सस्तन प्राण्यांत अंगावर असे खवले असलेले हे एकच कुळ. खवले म्हणजे तरी काय, आपली नखे आणि केस ज्या द्रव्याचे बनतात त्याच केराटिनचे बनलेले. तोंडात दात एकही नाही. त्याऐवजी लांबलचक चिकट जीभ, जिचे मूळ घशात नसून पार छातीच्या पिंजऱ्याच्या तळाशी आहे. पुढच्या पायांच्या नख्यांनी वारूळ उकरायचे, जीभ आत सारायची, वाळवी आणि मुंग्या ओढून घ्यायच्या. जगात त्याच्या आठ जाती; चार आशियात, चार आफ्रिकेत. आपल्याकडे दोन : महाराष्ट्रात असलेली भारतीय जात आणि ईशान्येकडे चिनी जात.

बिबट्या समोर आला तर खवल्या पळत नाही, चावतही नाही. पोट आत घेऊन घट्ट गोळा होतो. खवल्यांवर दात चालत नाहीत, मग बिबट्या कंटाळून निघून जातो. लाखो वर्षे उपयोगी पडलेली ही युक्ती माणसापुढे नेमकी उलटते. त्याच्यामागे धावावे लागत नाही, बंदूक लागत नाही. उचलायचा आणि गोणीत टाकायचा, झाले.

गोणीत टाकावासा का वाटतो, याची कारणे दोन. एक परदेशातले. चीन आणि व्हिएतनाममध्ये पारंपरिक औषधांसाठी खवल्यांना आणि मेजवान्यांसाठी मांसाला मागणी आहे. २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या परिषदेत आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. २०२० मध्ये चीनने आपल्या अधिकृत औषधकोशातल्या कच्च्या द्रव्यांच्या यादीतून खवले वगळले. आपल्या १९७२ च्या कायद्यात तर या प्राण्याला वाघाच्याच पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत बसवले आहे. शिकारीला तीन ते सात वर्षे कैद. कागदावर यापेक्षा अधिक काय करणार?

दुसरे कारण मात्र आपल्या घरचे आहे. ते म्हणजे 'पैशांचा पाऊस'. मांडुळाची गोष्ट वाचकांना ठाऊक असेलच. खवल्याचीही तीच गत. मंतरलेले जनावर मधे ठेवून पूजा मांडली की खोलीत नोटा पडतात, असे सांगणारे लोक आहेत, आणि ते ऐकणारे त्यांच्याहून जास्त आहेत. नव्वदच्या दशकात मी लालबागच्या एका शाखेत होतो. गिरणी बंद पडल्यावर हिशेबाची रक्कम मिळालेला एक कामगार मुदत ठेव मोडायला आला. मुदत संपायला वर्ष होते, व्याज बुडणार होते, म्हणून मी कारण विचारले. इकडेतिकडे बघून तो हळूच म्हणाला, "साहेब, गावाकडे एक जनावर सापडलंय." बयाणा देऊन झाला होता, आता मोठी रक्कम द्यायची होती. जनावर त्याने स्वतः पाहिले नव्हते. ज्याने त्याला सांगितले, त्यानेही पाहिले नव्हते. सुदैवाने पावती नवरा-बायको दोघांच्या नावे आणि दोघांच्या सहीची होती. दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन आला. बाई मालवणच्या. काउंटरवर त्यांनी पेन हातातसुद्धा घेतले नाही. नवऱ्याला एवढेच म्हणाल्या, "पैशाचो पाऊस पाडता, तर तो भाड्याच्या खोलीत कित्याक रवता?" पावती तशीच राहिली.

हे सांगायचे कारण असे की या धंद्याची साखळी अजूनही याच तऱ्हेची आहे. गावात कुणाला तरी खवल्या सापडतो. त्याला वाटते, मुंबईत गिऱ्हाईक असेल. तो परळच्या, कल्याणच्या, विरारच्या भाच्याला फोन करतो. भाचा मित्राला, मित्र आणखी कुणाला. कोटीचा भाव ऐकलेले सगळे, कोटी पाहिलेला एकही नाही. बऱ्याचदा जे पहिले खरेखुरे गिऱ्हाईक उभे राहते ते वनखात्याने किंवा पोलिसांनी पाठवलेले असते. पण ते येईपर्यंत जे दिवस जातात, त्या दिवसांत जनावर गोणीत असते, पिंपात असते, मोटारीच्या डिकीत असते.

या दिवसांतच त्याचे काय ते ठरते. अन्न नाही, पाणी नाही. अंगातले पाणी कमी होते. पकडताना बिळातून ओढून काढलेले असते, त्यात जखमा झालेल्या असतात. कधी फासाने पाय कापलेला असतो. सुटायची धडपड करून नख्या तुटतात. जप्त केलेल्या प्राण्यांत न्यूमोनिया आणि पोटातले व्रण हे जगभरच्या पशुवैद्यांनी नोंदवलेले आजार आहेत. वरून मात्र काही दिसत नाही, कारण तो गोळा होऊन बसलेला असतो, आणि गोळा झालेला आजारी खवल्या आणि गोळा झालेला धडधाकट खवल्या यांत फरक ओळखायला सरावलेली नजर लागते. अशा प्राण्याला त्याच संध्याकाळी जवळच्या रानात सोडणे ही सुटका म्हणायची का? दवाखान्याच्या दारातून रोग्याला परत पाठवून 'बरा होऊन घरी गेला' अशी नोंद करण्यासारखेच ते आहे.

मग ठेवून घ्यावा म्हटले तर दुसरी अडचण. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ आहे. आमच्या चाळीतली किती कुत्री, मांजरे, मांज्याने पंख कापलेल्या किती घारी तिथून बऱ्या होऊन आल्या. तिथल्या डॉक्टरांपुढे प्रश्न असतो तो जखमेचा. घारीला काय खायला घालायचे, हा प्रश्न नसतो. खवल्याच्या बाबतीत पहिला प्रश्न तोच. तो ताटलीतले खात नाही. त्याला उकरून खायचे असते आणि कोणत्याही मुंग्या चालत नाहीत. पसंतीच्या ठराविकच जाती असतात. इस्पितळात त्या रोज कुठून आणायच्या?

जगाने यावर जी उत्तरे काढली आहेत ती मोठी वाचनीय आहेत. तैवानमध्ये तैपेईच्या प्राणिसंग्रहालयाने वर्षानुवर्षे खटपट करून एक मिश्रण सिद्ध केले : मधमाश्यांच्या अळ्या, अंड्याचा बलक, सफरचंद वगैरे. आपल्या ओडिशात भुवनेश्वरजवळच्या नंदनकाननमध्ये झाडांवर पानांची घरटी विणणाऱ्या तांबड्या मुंग्या घरट्यांसकट आणून घालतात. व्हिएतनाममध्ये न्गुयेन व्हान थाय या गृहस्थांच्या संस्थेने तस्करांकडून सोडवलेल्या शेकडो खवल्यांची शुश्रूषा केली. तिथे गोठवलेल्या मुंग्यांचा साठा करतात. या कामासाठी थाय यांना २०२१ चा गोल्डमन पुरस्कार मिळाला. पण मला सर्वांत पटले ते झिंबाब्वेचे उत्तर. तिथल्या टिकी हायवूड फाउंडेशनने मुंग्या खवल्यापर्यंत नेण्याचा नाद सोडून खवल्यालाच मुंग्यांपर्यंत नेले. प्रत्येक प्राण्यामागे एक माणूस. तो रोज काही तास त्याला रानात फिरवतो. खवल्या पुढे, माणूस मागे. वारूळ दिसले की खवल्या थांबतो, खातो, माणूसही थांबतो. दक्षिण आफ्रिकेतही अशीच चाल आहे, शिवाय प्राणी कुठे ठेवला आहे हे चोरीच्या भीतीने गुप्त ठेवतात. एका प्राण्यामागे एक पगारी माणूस, ही मागणी घेऊन आपल्याकडे कुणी वित्त विभागाच्या पायऱ्या चढला तर त्याचे काय स्वागत होईल ते मी डोळ्यांसमोर आणू शकतो. परंतु काम तेवढे अवघड आहे, याला काय इलाज?

इथपर्यंतचे मी एका संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सांगत होतो, तेव्हा आमच्यातल्या एका निवृत्त मित्रांनी सरळ विचारले, "अहो, मग पैदासच का करत नाहीत? राणीच्या बागेत पेंग्विनला पिल्लं होतात, मग याला का होऊ नयेत?"

प्रश्न रास्त आहे आणि तो बऱ्याच जणांच्या मनात असतो, म्हणून जरा सविस्तर. २०१६ च्या जुलैत राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. त्याच ऑक्टोबरात त्यांतला एक दगावला, केवढा गदारोळ झाला ते मुंबईकरांना आठवत असेल. १५ ऑगस्ट २०१८ ला पहिले पिल्लू अंड्यातून बाहेर आले. ते आठवडाभरच जगले. पुढे २०२१ पासून पिल्ले जगू लागली आणि आता तिथे पोराबाळांची रांग हटत नाही. हे साधले याचे कारण पेंग्विन पाळण्याची विद्या जगातल्या प्राणिसंग्रहालयांत कित्येक दशके मुरलेली आहे. त्याला मासे लागतात, ते बाजारात मिळतात. थंडावा लागतो, तो यंत्राने मिळतो. तो थव्याने राहतो, माणसाला बिचकत नाही, काचेपलीकडे उभा राहून आपल्याकडे बघतो. कोट्यवधी रुपये खर्चून यांतले सगळे उभे करता आले.

खवल्याच्या बाबतीत पैसा असूनही हे जमत नाही. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते. ते आईच्या शेपटीच्या बुडाशी बसून फिरते. गर्भकाळ किती, हेसुद्धा बरीच वर्षे नीट ठाऊक नव्हते. जुन्या प्राणिग्रंथांत भारतीय जातीसाठी दोन-सव्वादोन महिने असा आकडा आढळतो, पण बंदिवासातल्या प्राण्यांवर प्रत्यक्ष नजर ठेवल्यावर तो कितीतरी महिन्यांचा निघाला. नंदनकाननमध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मदतीने २००९ पासून खवले मांजरांचे प्रजनन केंद्र आहे. आत मातीची बिळे, बिळांत काय चालले आहे ते पाहायला कॅमेरे. तिथे पिल्ले झाली आहेत, हे मोठेच यश. पण रानात नेऊन सोडावीत अशी फौज काही तिथून निघत नाही, आणि निघणारही नाही. युरोपात तर पहिले पिल्लू जन्मून जगायला २०२३ साल उजाडले. प्रागच्या प्राणिसंग्रहालयात, तैपेईहून आलेल्या जोडीला. उलट बाजूची गोष्टही आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या काही प्राणिसंग्रहालयांनी मिळून आफ्रिकेतल्या टोगोमधून ४६ खवले मांजरे नेली, हेतू संशोधन आणि पैदाशीचा. त्यांतली अनेक पुढच्या काही वर्षांत मेली. वाचवण्यासाठी म्हणून रानातून काढलेले प्राणी वाचवताना मेले.

मग नंदनकाननसारखे केंद्र बंद करावे का? मुळीच नाही. गर्भकाळ, आहार, आजार, पिल्लाची वाढ, हे जे काही आज ठाऊक आहे त्यातले पुष्कळसे अशाच केंद्रांतून कळले आहे, आणि जप्तीत सापडलेला प्राणी जगवायला त्याच ज्ञानाचा उपयोग होतो. जे खवले पाय गमावून बसले, जे रानात जगूच शकणार नाहीत, त्यांना तिथे ठेवावे, त्यांच्यापासून शिकावे. माझा आक्षेप आहे तो पैदास म्हणजेच संवर्धन या समजुतीला. आमच्या व्यवसायातले उदाहरण द्यायचे तर ठेव विम्याचे देता येईल. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतची ठेव परत मिळते, २०२० पासून ही मर्यादा आहे. ही सोय हवीच. पण विमा आहे म्हणून बँकेने कर्जे कशीही वाटावीत, असे कुणी म्हणेल का?

मुंबईकरांना या बाबतीत जवळचे उदाहरण आहे ते गिधाडांचे. फोर्टात लायन गेटसमोर ज्या संस्थेचे घर आहे, त्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हरियाणा सरकारच्या साहाय्याने पिंजोरला गिधाडांचे प्रजनन केंद्र चालवले. गिधाडेही सावकाश वाढणारी, वर्षाला एक अंडे घालणारी. तरीही तिथे शेकडो पक्षी तयार झाले, आणि २०२४ मध्ये त्यांतले काही आपल्या पेंच आणि ताडोब्यात आणले गेले. हा मार्ग चालला कारण गिधाडे कशाने मरतात ते आधी सापडले होते : गुरांना देण्यात येणारे डायक्लोफेनॅक हे औषध. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. बंदी पुरती पाळली जात नाही ही रड आहेच, आणि परत सोडलेल्या पक्ष्यांतले काही दगावलेही. पण निदान रोगाचे मूळ एका बाटलीत होते, ती बाटली बंद करण्याचा आदेश काढता आला. खवल्याचा शत्रू कुठल्या बाटलीत आहे? पिंजऱ्यात वाढवलेला खवल्या उद्या सह्याद्रीत सोडला तर त्याच गोणीची वाट तो चालू लागेल. आणि हे पिंजऱ्यातले पोर माणसाला न घाबरणारे, म्हणजे गोणीवाल्याचे काम आणखी सोपे.

पैदाशीचा आणखी एक पैलू आहे आणि तो मला खरोखर धास्तावतो. चीनमध्ये काही कंपन्यांनी खवल्यांची शेती करण्याचा घाट मागेच घातला होता. युक्तिवाद असा की पाळलेल्या प्राण्यांचे खवले बाजारात आले की रानातल्यांना कुणी हात लावणार नाही. ऐकायला गोड आहे. चीनमधल्या वाघांच्या शेतांबद्दल हेच सांगितले जात होते; तिथे हजारो वाघ पिंजऱ्यांत वाढले आणि भारतातल्या वाघांची शिकार काही थांबली नाही. साधे गणित आहे. एक प्राणी वर्षानुवर्षे मुंग्या घालून वाढवायचा खर्च आणि रानातून फुकट उचलून आणायचा खर्च यांत व्यापारी कोणता निवडेल? शिवाय एकदा 'पाळीव' माल अधिकृत झाला की रानातल्या मालाला पाळीव म्हणून खपवायला कागद तेवढा लागतो. खोटे कागद किती स्वस्तात होतात, हे बँकेत बसलेल्या माणसाला कुणी सांगायची गरज नाही.

तेव्हा फिरून तेच : हातात आलेला प्राणी जगवून नीट परत पाठवणे. हे अशक्य नाही, शेजारी मध्य प्रदेशात झाले आहे. तिथल्या वनखात्याने नरिमन पॉइंटच्या वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन ट्रस्टबरोबर सातपुड्याच्या व्याघ्र प्रकल्पात हा प्रयोग केला. सोडवलेल्या खवले मांजरांवर उपचार केले, सोडताना खवल्याला रेडिओ यंत्र बसवले आणि मग माणसांनी त्यांचा माग काढला. खवला नखासारखाच निर्जीव, त्यामुळे त्याला यंत्र बसवताना दुखत नाही. रात्री कुठे जातो, कोणत्या बिळात झोपतो, खातो की नाही, हे कळू लागले. म्हणजे मी ज्या शेवटच्या वाक्यापाशी अडलो होतो, त्याच्या पुढची पाने तिथे लिहिली जाऊ लागली. महाराष्ट्रात नागपूरला सेमिनरी हिल्सवर २०१५ पासून वन्यप्राण्यांचे उपचार केंद्र आहे, पुण्यातही असे काम चालते. माझे म्हणणे इतकेच की जिथे ४७ जप्त्या झाल्या त्या राज्यात हा शिरस्ता व्हायला हवा, दयाळू अधिकारी भेटला तर, अशी अट त्यात नको. जप्ती झाली की आधी पशुवैद्य, मग पंचनाम्याची छायाचित्रे. न्यायालयाची परवानगी लागते ती तातडीने मिळावी, कारण हा मुद्देमाल कपाटात कुलूपबंद करून तारखेची वाट पाहता येत नाही. वजन वाढेपर्यंत शुश्रूषा. सोडल्यावर निदान काही महिने माग.

यात एक बारकावा आहे. ठाण्यात पकडलेला खवल्या ठाण्याचाच असतो असे नाही. तो दापोलीचा असेल, सावंतवाडीचा असेल, कदाचित परराज्यातला. त्याला ठाण्याच्या रानात सोडायचे म्हणजे ना ओळखीची बिळे, ना ठाऊक असलेली वारुळे, आणि आजूबाजूला दुसऱ्या खवल्यांची हद्द. म्हणून पकडलेल्या माणसाला 'कुणाला विकणार होतास' याच्याआधी 'कुठून काढलास' हे विचारायला हवे. हा प्रश्न खटल्यापेक्षा प्राण्याच्या कामाचा आहे.

आणि जिथून काढला तिथे जर गाव त्याला सांभाळायला तयार नसेल तर परत सोडून तरी काय उपयोग? चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने नेमके हे हेरले. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही १९९२ पासूनची संस्था. वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची अंडी राखायचे काम त्यांनीच सुरू केले. आज लोक मुद्दाम मुंबईहून पिल्ले समुद्रात जाताना बघायला जातात, गावातल्या घरांत उतरतात, मोदक खातात. तिथे कासवांची पैदास कुणी केली नाही. अंडी चोरणारे हात अंडी राखू लागले, एवढेच झाले. याच संस्थेने खवल्यासाठी चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात २०२० च्या फेब्रुवारीत जागतिक खवले मांजर दिनाच्या निमित्ताने 'खवलोत्सव' केला. खवल्याची प्रतिकृती पालखीत घालून गावकऱ्यांनी ती नाचवली. कोकणी माणूस पालखीत कुणाला बसवतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. कायद्याचे कलम वाचून दाखवून जे वर्षभरात होत नाही ते ढोलावर एका रात्रीत होऊ शकते. एका गावाने पालखी नाचवल्याने जिल्हा सुधारला, असे मी म्हणत नाही. डोंगरावर दर वर्षी वणवे लागतात, जेसीबीने उतार कापले जातात, ते चालूच आहे.

या सगळ्यात गिरगाव-परळ-लालबागचा संबंध काय, असे कुणी विचारेल. तो त्या फोनचा आहे. गावी खवल्या सापडला की फोन आपल्याकडे येतो. काका, मामा, वाडीतला कुणी मित्र : "बघ रे, मुंबईत कुणी घेणारा आहे का?" गणपतीला, शिमग्याला आपण गावी जातो, तेव्हाही हा विषय पडवीत निघतो. त्या वेळी काय सांगायचे ते आधी ठरलेले असलेले बरे. घेणारा म्हणून जो येईल तो बहुधा साध्या कपड्यातला पोलीस असेल आणि नंतर वकिलाची फी आपल्यालाच भरावी लागेल, हे सांगितले तरी पुष्कळ काम होते. पाऊस-बिऊस काही पडत नाही, हे सांगायचे धैर्य असेल तर तेही सांगावे.

आणि खवल्या अंगणात आला, आगरात दिसला, गडग्यापाशी गोळा होऊन बसला तर करायचे फार थोडे आहे. कुत्री बांधून घालायची. पोरांना घरात घ्यायचे, मोबाईल खिशात ठेवायचे. दूध, भात, केळे काही पुढे करायचे नाही. विहिरीत पडला असेल किंवा जखमी असेल तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फिरवायचा आणि माणसे येईपर्यंत हात लावायचा नाही. धडधाकट असेल तर अंगणातला दिवा मालवायचा आणि आत जाऊन जेवायला बसायचे. अर्ध्या-पाऊण तासाने आवाज-हालचाल नाही अशी खात्री पटली की तो उलगडतो, जरा हुंगतो आणि ज्या वाटेने आला होता त्या वाटेने जातो.